खाणोबा

दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या रांगेत तुमच्या मागून कुणी विचारलं, "मोहावीच्या वाळवंटात मुक्काम केलायत का कधी?" तर मागे वळू नका. वळलात की तुमचा पुढचा शनिवार-रविवार गेला. मी वळलो होतो.

खाणोबा हे काही त्यांचं बारशातलं नाव नव्हे, ते आमच्या लॉस एंजेलिसकडच्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. पन्नाशी उलटलेले गृहस्थ. सोमवार ते शुक्रवार दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढतात. शुक्रवारी संध्याकाळी घरी येऊन बूट बदलतात, गळ्यात शिट्टी अडकवतात आणि दुसऱ्यांनी खणून सोडून दिलेल्या खाणी बघायला निघतात. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात अशा खाणी हजारोंनी आहेत. सोन्याच्या, चांदीच्या, शिशाच्या, टाल्कच्या, बोरॅक्सच्या. आता तिथे मिळण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि नेमकं तेच खाणोबांना हवं असतं. चालू खाणीचं नाव काढलंत तर ते नाक मुरडतात. "तिथे काय बघायचं? तिथे लोक काम करतात."

हा आजार पुण्याचा. कॉलेजात असताना ते दर रविवारी सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्यावर असायचे. गुडघाभर गवतात चार दगडांचं जोतं दाखवून वाटाड्या म्हणतो, "हा राजवाडा," आणि आपण आदराने मान हलवतो, तसली त्यांची घडण. आता वाळवंटात वाटाडे ते स्वतःच. काँक्रीटचा उघडा चौथरा दाखवून सांगतात, "ही गिरणी. इथे दगड कुटून सोनं काढायचे." आपल्याला चौथरा दिसतो. खाणोबांना गिरणीचा आवाजही ऐकू येत असतो.

निघण्याआधी आठवडाभर तक्ता येतो. पाणी माणशी दिवसाला चार लिटर. गाडीचं पाणी वेगळं. वाटेत कुणी अडकलेला भेटला तर त्याचं वेगळं. स्टेपन्या दोन, हवा भरायचं यंत्र एक. साधी गॅसची शेगडी पेटवायलाही इथे परवाना लागतो. तो फुकट मिळतो, पण खाणोबा तो प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पासपोर्टसारखा जवळ बाळगतात. फोन तिथे चालत नाही म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र, आणि त्या यंत्राचा भरवसा नाही म्हणून कागदी नकाशा. भरवसा का नाही, असं मी विचारलं. "मी तीस वर्षं सॉफ्टवेअर तपासतोय," ते म्हणाले.

पाठोपाठ सूचना येतात. उभ्या खड्ड्याच्या काठाशी जायचं नाही, काठ आतून पोकळ असतो. लाकडी टेकूला हात लावायचा नाही. जुना सुरुंग दिसला तर तसंच मागे फिरायचं. पडक्या झोपडीत झोपायचं नाही, तिथल्या उंदरांपासून हंताव्हायरस होतो. विषारी हवेला वास येतोच असं नाही. हे सगळं वाचल्यावर घरीच बसावं असं वाटतं, पण सूचना वाचेपर्यंत पाण्याचे पैसे दिलेले असतात.

एक सूचना भाषेची असते. उभी खोदाई तो शाफ्ट. आडवी आणि एकाच तोंडाची तो ॲडिट. दोन्हीकडे तोंड असेल तरच बोगदा म्हणायचं. आमच्यातल्या एकाने ॲडिटला बोगदा म्हटलं तेव्हा खाणोबांनी, मंगलाष्टकात चुकलेल्या भटजीकडे आजोबा बघतात तसं, त्याच्याकडे बघितलं होतं.

तर आम्ही निघालो. खाणोबा, वहिनी, मी, आणि मंडळाचे खजिनदार, जे रांगेत माझ्याही पुढे उभे होते. लॉस एंजेलिसहून उत्तरेला मोहावी गाव, पुढे रेड रॉक कॅन्यनचे लाल कडे, आणि मग डांबर संपलं. इथे खाणोबा खाली उतरले आणि चारही चाकांतली हवा थोडी थोडी सोडली. पंधरा डॉलरच्या मापकावर आकडा बघताना त्यांच्या चेहऱ्यावर अशी शांती होती, की खजिनदारांनी हळूच फोटो काढला. पुढचा रस्ता पन्हाळीच्या पत्र्यासारखा. एल पासो डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा डब्यातल्या चकल्यांची पुन्हा भाजणी झाली होती.

या डोंगरात लास्ट चान्स कॅन्यन नावाची घळ आहे आणि तिच्यात भांडी घासायच्या पावडरीची जुनी खाण आहे. ज्वालामुखीची पांढरी राख इथून काढून डब्यात भरून देशभर विकत. खाणोबा हे रंगवून सांगत होते, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "म्हणजे आमची आजी चुलीतून घ्यायची, ती राख काढायला यांनी डोंगर पोखरला?"

"ज्वालामुखीची राख आहे ती," खाणोबा दुखावल्या आवाजात म्हणाले.

"भांडीच घासायची ना?"

यावर ते अर्धा मैल बोलले नाहीत. वहिनी दर वेळी बरोबर का येतात, हे मी विचारलं होतं. "कुठे पडलेत ते कुणाला तरी ठाऊक हवं ना," त्या म्हणाल्या.

खाणोबांचं खरं प्रेम गंजक्या डब्यांवर. वाळवंटात काही कुजत नाही, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी कुणी खाल्लेल्या घेवड्याचा डबा तसाच पडून असतो. झाकणावरचा डाख बघून ते डब्याचं वय सांगतात. जांभळट काच दिसली की गुडघ्यावर बसतात. जुन्या काचेत मँगनीज असे आणि उन्हात वर्षानुवर्षं पडून ती जांभळी होते. पण उचलायचं काही नाही. सरकारी जमिनीवर पन्नास वर्षांवरचं जे काही असेल ते ऐतिहासिक. खजिनदारांनी चकलीचं रिकामं पाकीट खाली टाकलं, तर खाणोबांनी ते झडप घालून उचललं. वहिनी म्हणाल्या, "कचऱ्याला पन्नास वर्षं झाली की मान मिळतो. आमच्या गॅरेजला अजून अठ्ठावीस बाकी आहेत."

ज्यासाठी आलो होतो ते पुढे होतं. विल्यम श्मिट नावाचा माणूस ऱ्होड आयलंडहून इथे आला. त्याची सहा भावंडं क्षयाने गेली होती आणि कोरडी हवा मानवेल म्हणून तो वाळवंट गाठून राहिला. त्याला इथे खनिज सापडलं. पण ते मोहावीच्या भट्टीपर्यंत न्यायचं तर मध्ये डोंगर. 1906 साली त्याने ठरवलं की डोंगरातूनच वाट काढायची. टिकाव, फावडं, हाताने मारायची पहार, सुरुंग. दगड आधी पाठीवर वाहिला, मग हातगाडीवर, मग रुळावरच्या ढकलगाडीत. उन्हाळ्यात तो शेतमळ्यावर मजुरी करून पैसे जमवायचा आणि थंडीत खणायचा. सोबतीला दोन गाढवं, म्हणून लोक त्याला 'बरो' श्मिट म्हणू लागले. बरो म्हणजे गाढव. आपल्याकडे माणसाला गाढव म्हटलं तर मारामारी होते, इथे ती पदवी म्हणून नकाशावर छापली आहे.

1920 च्या सुमारास डोंगराला वळसा घालून रस्ता झाला. बोगद्याची गरज संपली. श्मिट खणत राहिला. आणखी अठरा वर्षं. 1938 साली पलीकडे उजेड दिसला, तेव्हा जवळपास अर्धा मैल ग्रॅनाइट एकट्याने फोडून झाला होता. त्या बोगद्यातून त्याने एक ढकलगाडीभरही खनिज नेलं नाही.

"गाढवमेहनत," खजिनदार म्हणाले. त्यांना हिशेबाची सवय.

"हो ना!" खाणोबा इतक्या आनंदाने म्हणाले, की खजिनदार गप्पच झाले.

आम्ही आत शिरलो. डोक्याला दिवे, वाकलेल्या माना. अस्सल ग्रॅनाइट असल्याने कुठे टेकू नाही. भिंतीवर हाताने मारलेल्या घावांच्या खुणा. खाणोबा बोलायचे थांबले होते, आणि त्यांच्या सहवासात मी पहिल्यांदाच त्यांचा श्वास ऐकला. शेवटी पलीकडे उजेड आला. बाहेर पडलो तर पुढे रस्ता नाही, काही नाही. डोंगराचा उतार, खाली कोरडं सरोवर आणि नुसती हवा.

"बघा," खाणोबा म्हणाले.

"काय?"

"हेच."

कबूल करतो, मीही बराच वेळ बघत राहिलो. चिडायला निमित्त शोधत होतो, पण सापडलं नाही.

रात्री पिठलं आणि गार भाकरी खाऊन झाल्यावर वारा सुटला आणि माझा तंबू गेला. उडाला म्हणत नाही, गेला. खाणोबा उठले, दिवा लावून त्याची दिशा नकाशावर पेन्सिलीने टिपून ठेवली आणि म्हणाले, "पन्नास वर्षांनी कुणालातरी सापडेल." मी उरलेली रात्र गाडीत वहिनींनी दिलेल्या गोधडीत काढली. पहाटे दूरवर कुठेतरी गाढव ओरडलं. खाणोबांनी चहाचा कप वर करून त्या दिशेने नमस्कार केला.

पुढच्या शनिवारी ते टाल्कच्या एका खाणीवर जाणार आहेत. गाडीत मागची एक जागा रिकामी आहे. परवा पुन्हा ते रांगेत माझ्या मागे होते, मी वळलो नाही, फक्त तुमचं नाव सांगितलं. पाणी माणशी चार लिटर आणा. चकल्या नकोत, चिवडा चालेल.