पिशवीतले नाना

सकाळच्या डहाणू-तलासरी एसटीत खिडकीशी बसून, एका कानात इअरफोन घालून जो गृहस्थ मांडीवरच्या पिशवीत बघत एकटाच चुकचुकत असतो, ते आमचे नाना. नव्या कंडक्टरला वाटतं, पिशवीत मांजराचं पिल्लू आहे.

पिशवीत असते मालिका. नाना तलासरीला कारकून. घरी त्यांचं ठाम मत, मालिका बघणं हे रिकाम्या डोक्याचं काम. 'आई कुठे काय करते' ऐन भरात होती तेव्हा साडेसातला काकू टीव्हीसमोर बसायच्या आणि नाना मुद्दाम पाठ करून पेपरात तोंड घालायचे. पण पैसे भरणाऱ्याला रात्रीचा भाग अॅपवर सकाळीच मिळतो, हे त्यांना कळलं आणि नानांचा ज्योतिषी झाला. पेपरातून मान न काढता म्हणायचे, "हा अनिरुद्ध आता साफ खोटं बोलणार बघ." मिनिटात तो बोलायचा. काकू थक्क! "अहो, तुम्हाला न बघता माणूस कळतो." मग आळीतली माणसं मुलींची स्थळं नानांच्या नजरेखालून घालू लागली. नाना डोळे मिटून सांगायचे, "मुलगा लपवतोय काहीतरी." दहातला एक तरी लपवत असतोच.

नवऱ्याचं गुपित गावभर माहीत, फक्त बायकोला नाही, हा मालिकांचा पाया असं नाना एसटीत समजावतात. दाखले 1999च्या 'आभाळमाया'पासून. "'माझ्या नवऱ्याची बायको'तल्या गुरुनाथनं शनायाचं राधिकाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर 2016च्या ऑगस्टात सुरू झालेली मालिका गणपतीच्या आत गुंडाळली असती. 2021 पर्यंत ओढली! कितीजणांच्या चुली पेटल्या त्या खोट्यावर." स्वतःच्या पिशवीकडे मात्र बोट नाही.

अपवाद एकच, सागरांचं 'रामायण'. 1987 साली देशानं पाहिलं ते चित्रित झालं होतं आमच्या शेजारी, सरहद्दीपलीकडे उंबरगावात. त्यामुळे नाना त्याबद्दल घरच्यासारखे बोलतात. "त्यात खरी सीता अग्नीपाशी ठेवलेली. नवरा-बायको दोघांनाही ठाऊक, लक्ष्मणालाच पत्ता नाही! असं परत कोणाला जमलं नाही."

मध्यंतरी अॅपची मुदत संपली. आठवडाभर पिशवी बंद. घरी काकूंनी विचारलं, "आता काय करेल हो हा अनिरुद्ध?" तर नाना नुसतेच "बघू." आठव्या दिवशी अॅप आपोआप चालू. "चुकून झालं असेल," नाना कुजबुजले, "आपण कशाला बोला!"

चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेत काकू भेटल्या. नाना नारळ घ्यायला पुढे गेलेले. काकूंनी मला बाजूला घेतलं.

"भाऊ, त्या एसटीत रेंज नीट येते ना रे? या खेपेला पूर्ण वर्षाचे भरलेत मी."

मी गप्प. काकूंनी पदर सावरला.

"आठवडाभर नुसतं 'बघू, बघू' करत होते. जेवण जात नव्हतं माणसाला."

नाना नारळ घेऊन येताना दिसले, तशा काकू मोठ्यानं म्हणाल्या, "यांना विचारा. यांना सगळं आधीच कळतं."