आठवड्याची खास सवलत: केळी!

फैजपुरात केळी सवलतीत विकायला काढणं म्हणजे कोकणात समुद्राचं पाणी बाटलीत भरून विकणं. पण इथल्या एका सहकारी ग्राहक भांडारानं ते करून दाखवलं. दर शनिवारी बाहेर फळा लागतो. मागच्या शनिवारी केळी, या शनिवारी भरिताची वांगी. सवलत फक्त सभासदांना. आणि सभासदांपैकी निम्म्यांच्या शेतात केळी, उरलेल्यांच्या बांधावर वांगी. म्हणजे आपलाच माल, आपल्याच भांडारात, आपल्यालाच स्वस्त. सहकार म्हणतात तो हाच असावा.

गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून भांडारासमोर मंडप घालून 'संगीत संध्या' सुरू केली. दोन भोंगे, एक कीबोर्ड, जुनी हिंदी गाणी. आवाज एवढा, की भाव विचारायचा तर खुणेनं. काट्यावरची बाई बोटं दाखवते चार, आपण देतो चाळीस, ती मागते चारशे. कोथिंबिरीला!

याच गावात डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष नेहरू, नगर सजवलं नंदलाल बोसांनी, तेही बांबू वगैरे साध्या गावठी वस्तूंनी. आमच्या मंडपावर मात्र संचालक मंडळाचे सतरा फोटो. वांग्याचा एकही नाही.

खरी मैफल शेतातच. थंडीत पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात, मिरची-लसूण ठेचतात, कळण्याची भाकरी येते, आणि कुणीतरी बेसूर गातं. त्याला ना सभासदत्व लागतं, ना भोंगा. भांडाराचे चेअरमनही तिथंच सापडतात. परवा विचारलं, "अण्णा, आज संगीत संध्या नाही का?"

"आहे ना," म्हणाले, "म्हणून तर इकडं आलो."