मॅचकडे पाठ करून उभे राहण्याची विद्या

इंग्लंडात शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. त्यातले सहा-सात तास शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर स्टुअर्ड, म्हणजे गर्दी सांभाळणारा, म्हणून घालवता येतात, ही बातमी पहिल्या थंडीच्या आत कुणीतरी कानावर घालतंच. पगार बेताचा, जाकीट फुकट, मॅच फुकट. यातलं शेवटचं कलम साफ खोटं आहे आणि नवशिक्यांची निराशा टळावी म्हणून ही मार्गदर्शिका.

उभं राहणं

मैदानाकडे पाठ करा, गर्दीकडे तोंड. झालं, निम्मा अभ्यासक्रम संपला.

उरलेला निम्मा अवघड आहे. तुमच्या पाठीमागे बावीस जण धावणार, समोर तीस हजार लोक एकदम उठून हात वर करणार आणि तुम्ही मान वळवायची नाही. वळवलीत तर छपराखालच्या काचेच्या खोलीत बसलेल्या सुरक्षा अधिकाऱ्याला ते पडद्यावर दिसतं आणि कानातल्या वायरलेसवर तुमचा नंबर गोडशा आवाजात पुकारला जातो. गोल झाला की नाही हे लोकांच्या तोंडांवरून ओळखायला शिका. आपला गोल झाला तर पहिल्या रांगेतला माणूस तुमच्या गळ्यात पडतो. समोरच्यांचा झाला तर तोच माणूस तुमच्याकडे असं बघतो, की जणू तो बॅकपास तुम्हीच चुकवलात.

बघायचं काय? सगळे चेंडूकडे बघत असताना भलतीकडे बघणारा माणूस. डोळ्यांपर्यंत मफलर ओढलेला माणूस. पण त्याच्याही आधी, चेहरा पांढराफटक पडून खाली बसलेले आजोबा. मारामारीची स्वप्नं घेऊन या कामाला येऊ नये. वाट्याला येतात त्या छातीतल्या कळा, चक्कर, ओल्या पायरीवर मुरगळलेले घोटे आणि बापाचा हात सुटलेलं एखादं पोर, ज्याला आपला ब्लॉक नंबर सोडून सगळ्या खेळाडूंचे नंबर पाठ असतात.

जाकीट

भडक पिवळं किंवा नारिंगी, तुमच्या मापाचं कधीच नसतं. ते अंगावर चढलं की तुम्ही सर्वज्ञ होता. संडास कुठे, लिफ्ट कुठे, सत्तावीस नंबरचं दार कुठे, पाऊस थांबणार का, मॅनेजरला कधी काढणार. खरं उत्तर माहीत नसेल तर शेजारच्या अनुभवी स्टुअर्डकडे बोट दाखवा. तोही तुमच्याकडेच बोट दाखवत असेल.

जाकिटात अधिकार मात्र फारसा नाही. तुम्ही पोलीस नाही. अटक करण्याचा जेवढा हक्क रस्त्यावरच्या कुणाही नागरिकाला आहे तेवढाच तुम्हाला. क्लबच्या वतीने एखाद्याला बाहेरची वाट दाखवता येते, आणि तो निघताना आख्खा ब्लॉक त्याच्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी गाणं म्हणतो. शब्द कळले नाहीत तरी हसू नका. शब्द कळले तर अजिबात हसू नका.

दारात

झडती घेताना खिसे, पिशवी आणि बाटली. बाटलीचं टोपण काढून घ्यायचं, बाटली परत द्यायची. हा प्रकार पहिल्यांदा सगळ्यांना वेड्यासारखा वाटतो. टोपण लावलेली भरली बाटली लांब आणि नेमकी जाते, उघडी बाटली फेकणाऱ्याच्याच बाहीत निम्मी सांडते, एवढंच त्यामागचं शास्त्र. शनिवारअखेर तुमच्या खिशात शंभरेक टोपणं खुळखुळत असतील. धुराच्या कांड्या सापडल्या तर मात्र टोपणाचा न्याय नाही, थेट वरिष्ठांना हाक मारा. त्या आत आणणं हा 1985 च्या कायद्याने गुन्हा आहे.

त्याच कायद्यातलं आणखी एक रत्न म्हणजे, मॅच चालू असताना मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायची नाही. मे 1985 मध्ये ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर 39 माणसं मेली आणि दोन महिन्यांत ब्रिटिश संसदेने हे कलम आणलं. ते फक्त फुटबॉलला लागू. रग्बीवाले आणि क्रिकेटवाले ग्लास मांडीवर ठेवून निवांत खेळ बघतात, कारण त्यांच्याकडे सभ्य लोक येतात असा समज आहे. लॉर्ड्सवर दुपारी चारनंतर बसून बघा, मग समजाबद्दल बोलू. फुटबॉलमध्ये मात्र बिअर मिळते ती स्टँडच्या पोटातल्या बोळात, आणि मध्यंतर पंधरा मिनिटांचं. पाच मिनिटं रांगेत, पाच मुतारीत, उरलेल्या पाचात एक अख्खा पाइंट. दोन तास सावकाश प्यायला दिलं असतं तर जेवढी चढली नसती तेवढी या पाच मिनिटांत चढते, असं माझं मत. बड्या पाहुण्यांच्या काचेच्या खोल्यांनाही हा नियम आहे. तिथे पेला हातात धरायचा तर मैदानाच्या बाजूचे पडदे ओढून घ्यावे लागतात. हजारो पौंड मोजून पडद्याकडे बघत शँपेन पिणारे लोक हे या देशातलं एक प्रेक्षणीय स्थळ आहे.

‘सर, खाली बसा’

हे वाक्य दर दहा मिनिटांनी म्हणायचं. कुणी बसणार नाही. तरी म्हणायचं, कारण म्हटल्याची नोंद होते.

1990 साली हिल्सबरोच्या दुर्घटनेवरचा (ती पुढे येते आहे) न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल आला आणि वरच्या विभागांतल्या मैदानांवर उभ्याच्या पायऱ्या जाऊन खुर्च्या आल्या. खुर्च्या आल्या, पण बसणारे आले नाहीत. गोलमागच्या कोपऱ्यात एकदा पुढची रांग उभी राहिली की मागच्यांना उभं राहण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तीस वर्षं स्टुअर्ड नावाचा प्राणी त्यांना खाली बसवत राहिला. अखेर 2022 मध्ये शहाणपण सुचलं आणि प्रत्येक रांगेपुढे कमरेएवढा कठडा बसवून काही क्लबांना उभ्याने बघण्याचे अधिकृत ब्लॉक मिळाले. तुमची नेमणूक अशा ब्लॉकात झाली तर नशीबवान आहात. इतरत्र वाक्य पाठ ठेवा.

आता ‘वातावरण’ या मालाबद्दल. क्लबला वातावरण हवं असतं, फार हवं असतं. त्यासाठी खुर्च्यांवर पुठ्ठ्याचे पंखे ठेवतात, झेंडे वाटतात, कर्ण्यावरून गाणी लावतात. वर्षाचं तिकीट काढलेले पन्नाशीतले गृहस्थ तो पंखा आपटण्याऐवजी त्यावर पाय ठेवतात. खरा आवाज येतो गोलमागच्या दोन ब्लॉकांतून. त्यांचा आवाज टीव्हीवर जगभर विकला जातो आणि सुरक्षा अधिकाऱ्याचे निम्मे कॅमेरेही त्यांच्यावरच रोखलेले असतात. जाहिरातीत छापलेला उघड्या तोंडाचा पोरगा आणि ‘याच्यावर लक्ष ठेवा’ म्हणून सकाळच्या बैठकीत दाखवलेल्या फोटोतला पोरगा एकच निघाला, तर दचकू नका. दोन खाती वेगळी आहेत.

त्याहून जास्त गातात ते पाहुणे, म्हणजे समोरच्या संघाचे समर्थक. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना साधारण तीन हजार तिकिटं आणि तिकिटाला कमाल 30 पौंड. पहाटे बसमध्ये बसून आलेले हे तीन हजार लोक तीस हजारांना भारी पडतात, कारण त्यांच्यातला कुणीही बायकोने ढकलला म्हणून आलेला नसतो. त्यांच्या आणि यजमानांच्या मध्ये काही रांगा रिकाम्या ठेवून जाळी अंथरतात, आणि जाळीच्या कडेला उभे करतात तुम्हाला. दोन्ही बाजूंचे हातवारे तुमच्या डोक्यावरून जातात. बहुतेकांकडे काणाडोळा करा. एक मात्र ओळखायला शिका. मँचेस्टर युनायटेडची मॅच असेल आणि कुणी दोन्ही हात पसरून विमानासारखा डुलायला लागला, तर तो नाचत नाहीये. 6 फेब्रुवारी 1958 रोजी म्युनिकला युनायटेडचं विमान कोसळलं, 23 माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. तो त्या मेलेल्यांना चिडवतोय. त्याचा खुर्ची नंबर लिहून घ्या. अलीकडे अशांवर खटले भरतात आणि न्यायालय वर्षानुवर्षं मैदानाची पायरी चढू देत नाही. त्याच्या संघाची किंवा इंग्लंडची परदेशात मॅच असली की पासपोर्टही पोलिसात जमा करावा लागतो.

खाकी नसलेले पोलीस

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचचा पोलीस बंदोबस्त पाहिलेल्या वाचकाला इथे चुकल्यासारखं होईल. पेठापेठांतली ईर्षा तीच, शिव्यांची श्रीमंती थोडी कमी, पण मैदानात पोलीस जवळजवळ दिसतच नाहीत. इंग्रज माणूस एकाएकी सुधारला असं समजू नका. बिल बघा. मैदानाच्या आत पोलीस उभे केले तर खर्च क्लबचा, हे 1987 मध्ये शेफील्ड युनायटेडच्या खटल्यात ठरलं. बाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावर उभे राहिले तर खर्च करदात्यांचा, हे 2013 मध्ये लीड्स युनायटेडने कोर्टात भांडून मिळवलं. तेव्हापासून घोडेस्वार पोलीस दिसतात ते क्लबच्या हद्दीच्या बाहेर, आणि हद्दीच्या आत दिसता तुम्ही, कारण तासाच्या हिशोबात तुम्ही घोड्याहून स्वस्त.

जे पोलीस आत येतात त्यांतले दोघे पाहुण्यांच्याच गावचे असतात. ते त्या पोरांना नावाने ओळखतात, पोरं त्यांना. एखादा वयस्क हवालदार कठड्याला टेकून एकाला विचारतो, आई कशी आहे रे आता? तेवढ्याने पुढचा अर्धा तास त्या टोळक्यातून काही हलत नाही. लाठी उगारून हे साधलं असतं असं मला वाटत नाही.

पिवळी पायरी

तुम्ही उभे असाल तिथे, दोन ब्लॉकांच्या मधल्या पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगवलेल्या असतात. या पायऱ्यांवर कुणालाही थांबू द्यायचं नाही. मित्राला भेटायचंय, सेल्फी काढायचाय, सिगारेटची तलफ आलीय, काहीही असो. लोक वैतागतात, शिव्या देतात. हे एकच काम गंमत न करता करा.

15 एप्रिल 1989. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी. लिव्हरपूलच्या उभ्याने बघणाऱ्या 10,100 लोकांना आत घ्यायला फिरकी फाटकं होती सात. आजच्या सुरक्षा पुस्तकात एका फाटकातून तासाला जास्तीत जास्त 660 माणसं धरतात. गुणाकार करून बघा, दोन तासांहून जास्त लागतात. बाहेर चेंगराचेंगरी व्हायला लागली म्हणून पोलिसांनी दुपारी 2:52 ला मोठं दार उघडलं. दाराच्या समोरच एक बोगदा होता आणि तो आधीच गच्च भरलेल्या मधल्या दोन कोंडवाड्यांत उतरत होता. बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून ‘इकडे नको, कडेने जा’ म्हणायला कुणी नव्हतं. पुढे लोखंडी जाळ्या, कारण त्या काळी गर्दी म्हणजे हुल्लडबाज, आणि हुल्लडबाज मैदानात उतरता कामा नयेत. लोक जाळीवर चढून श्वासासाठी तडफडत होते तेव्हा पोलिसांना ती घुसखोरी वाटली. 97 जण गेले. बंदोबस्ताच्या प्रमुखाने त्याच दुपारी सांगितलं की लोकांनी दार फोडलं. ते खोटं होतं हे त्याने कबूल केलं 2015 साली, आणि मृतांची बेकायदा हत्या झाली असा ज्युरीचा निर्णय यायला 2016 उजाडलं.

पंढरीच्या वाटेवर दिंडीपुढे चोपदार चालतो, तो वारकऱ्यांना गुंड समजत नाही म्हणून त्याचा दंड वर झाला की माणसं थांबतात. 1989 च्या त्या दुपारी बोगद्याशी असा एक माणूस हवा होता. ती जागा आता तुमची. म्हणून पायरीवर थांबलेल्याला हलवा, नम्रपणे, आणि तो पाच मिनिटांनी परत आला तर परत हलवा.

सुटका

शेवटच्या दहा मिनिटांत यजमान हरत असतील तर अर्धे लोक पार्किंगच्या ओढीने उठतात. जिंकत असतील तर कुणीच हलत नाही आणि शिट्टी वाजल्यावर एकदम सगळे. कुणी कठडा ओलांडून मैदानात उतरला, तर तो 1991 पासून गुन्हा आहे. पण त्याच्यामागे एकट्याने धावू नका. तो वीस वर्षांचा असतो, बूट चांगले असतात, आणि तुम्ही पडलात तर रात्रीपर्यंत फोनाफोनांवर फिरता.

मग रिकाम्या रांगांतून एक फेरी. मोडलेल्या खुर्च्यांचे नंबर लिहायचे, सापडलेली वस्तू कार्यालयात द्यायची. हातमोजे बहुतेक एकेकटेच सापडतात, कवळी क्वचित. फॉर्मवर ‘अनुचित घटना’ या रकान्यात ‘नाही’ लिहायचा मोह आवरा. पायरीवर पडलेली बाई, जाळीवरून फेकलेला पाय (खाण्याचा, मटणाचा), विमान करणारा माणूस, सगळं वेळेसकट लिहा. पुढची मॅच मंगळवारी रात्री पावणेआठची आहे. आतून दोन गरम बनियनं घाला.