शेरा : किनाऱ्याने

आमच्या कॅप्टननी पुणे ते गोवा सायकलप्रवासाचा जो तक्ता छापून आणला होता, त्यात शेवटचा रकाना ‘शेरा’ असा होता. ताम्हिणी उतरायच्या दिवसापुढे ‘घाट. ब्रेक तपासणे’ असं लिहिलेलं. चौथ्या दिवसापुढे मात्र ‘गुहागर ते रत्नागिरी, ९० कि.मी.’ आणि शेऱ्यात एकच शब्द : ‘किनाऱ्याने’. हा शब्द वाचून मी आदल्या रात्री दोन मोदक जास्त खाल्ले.

कॅप्टन बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. रकान्यात बसलेली गोष्ट खरीच असते, अशी त्यांची श्रद्धा. खरं तर आदल्या दिवशीच आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. दाभोळला आमच्यातल्या एकाने वीजप्रकल्प कुठे आहे म्हणून विचारलं, तर चहावाल्याने खाडीच्या पलीकडे बोट दाखवलं. ज्या ‘दाभोळ प्रकल्पा’वरून आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत भांडणं वाचली, तो दाभोळात नाहीच, तो पलीकडे गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरला. जिथे एवढा मोठा प्रकल्प नावाला जागत नाही, तिथे ‘किनाऱ्याने’ या शब्दाने का जागावं?

समुद्राला टेकलेला रस्ता सपाट असतो, हे देशावरच्या माणसाचं अज्ञान. कोकणात सपाट फक्त समुद्र असतो. सह्याद्रीतून निघालेल्या नद्यांनी जांभ्याचा पठारी प्रदेश जागोजाग चिरून ठेवलाय. गावं, वाड्या, नारळीपोफळी, देव, मासे, म्हणजे मुक्काम करावासा वाटेल असं जे जे काही, ते खाली पाण्याशी. आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ता वर सड्यावरून. त्यामुळे प्रत्येक गाव तुम्हाला एक चढ विकत देतं. पूर्वीची शहाणी माणसं या भानगडीत पडत नसत. मुंबईहून निघालेली बोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी बंदरं घेत दक्षिणेला जायची. चढायचं ते फक्त बोटीवर.

सहाला निघायचं ठरलं होतं. अकरा माणसं सहाला निघतात म्हणजे सहाला पहिला माणूस तयार होतो आणि बाकीच्या दहांची वाट बघता बघता त्याचीही तयारी उतरते. कुणाची बाटली राहिली, कुणाला पुन्हा एकदा ‘जाऊन यायचं’ होतं, आणि दातांचे डॉक्टर आपली जाड गादीची चड्डी रात्रभर गच्चीवर वाळत घालून दवाने अधिकच ओली करून घेऊन आले. ती तशीच चढवून ते सायकलवर बसले तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो बहुधा त्यांनी आजवर फक्त समोरच्या खुर्चीतून ऐकला असावा.

पालशेतपर्यंत सगळे गात होते. मग पूल ओलांडला, रस्ता वळला आणि उभा राहिला. मी एकेक गिअर खाली आणत शेवटच्यापाशी आलो, आणि त्यानंतरही बोट आपोआप खटका दाबत राहिलं. बँकेत पैसे नसताना पासबुक उलटून बघावं तसं. घड्याळवाला, म्हणजे आमच्यातला आयटीतला पोरगा, मनगटाकडे बघत माझ्या बाजूला आला.

“काका, तुमचा हार्ट रेट किती?”

“लागतोय, एवढं पुरे.”

आमच्या मॅडम ६१ वर्षांच्या. शाळेत गणित शिकवायच्या. चढ लागला की त्या शांतपणे उतरतात आणि सायकल हातात धरून चालू लागतात. आम्ही पुरुष मात्र इभ्रतीपायी पेडल मारत राहतो. त्या चढावर त्या माझ्या शेजारून, अगदी माझ्याच वेगाने, चालत होत्या. “ताशी साडेचार,” त्या म्हणाल्या, “दोघांचाही. पण मला श्वास उरतोय.” एवढ्यात एक म्हातारबाबा गाय घेऊन मागून आले आणि आम्हा दोघांना ओलांडून पुढे गेले. गाईने वळून पाहिलं. बाबांनी तेवढंही नाही.

वेळणेश्वरला खाली, मग वर. हेदवीला खाली, मग वर. हेदवीच्या गणपतीला दहा हात आहेत. दर्शन घेताना मला त्याचा प्रथमच हेवा वाटला, कारण चार दिवस हँडल दाबून माझ्या दोन्ही करंगळ्या बधिर झाल्या होत्या. सकाळी शर्टाची बटणं घड्याळवाल्याने लावून दिली होती. इथेच एका घराच्या पडवीत पाणी मागितलं. आजींनी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे केला आणि चौकशी सुरू केली.

“कुठून आलात रे?”

“पुण्याहून, आजी.”

“सायकलीने? नोकरी गेली काय तुझी?”

“नाही हो, हौस म्हणून.”

“आणि परत?”

“परत बसने. सायकली टेम्पोत.”

आजींनी थोडा विचार केला. “म्हणजे बस माहीत आहे तुम्हांला,” त्या म्हणाल्या आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

नरवणच्या पुढे डॉक्टरांचं मागचं चाक बसलं. समूहात पंक्चर होण्याचा तोटा असा की मदतीला माणसं असतात. एकाने चाक काढलं, दुसऱ्याने टायर उतरवला, तिसऱ्याने तो चुकीच्या बाजूने उतरवला असं सांगितलं, चौथ्याने चिक्की वाटली. नवी ट्यूब घातली, हवा भरली, टाळ्या वाजल्या. दोनशे मीटरवर चाक पुन्हा बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली केसासारखी तार डॉक्टरांच्या टायरमध्ये घुसून बसलेली होती. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून बघायचं असतं, हे आम्हा अकराही जणांना माहीत होतं, आणि प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने फिरवलं. शेवटी डॉक्टरांनीच, पोकळी तपासायच्या सवयीने, ती तार शोधली आणि नखांनी उपटली. दिवसभरातला त्यांचा एकमेव आनंदाचा क्षण.

या भानगडीत पाऊण तास गेला. तवसाळचा उतार आम्ही वाऱ्यासारखे उतरलो, कारण तक्त्यात फेरीबोटीची वेळ होती. शेवटच्या वळणावर खाली जेट्टी दिसली, बोट दिसली, बोटीने तोंडाची लोखंडी पाटी वर उचललेली दिसली. कॅप्टननी जोरात शिट्टी मारली. बोटीवरच्या खलाशाने हात हलवला, मनापासून, निरोपाचा.

पुढची फेरी येईपर्यंत जेट्टीवर सावली एकच होती आणि तिच्यात आधीपासून तीन कुत्री होती. समोर शास्त्रीच्या मुखापलीकडे जयगडचा किल्ला. एवढा जवळ की पोहत जाता येईल असं वाटावं आणि एवढा उंच की जाऊ नये असंही. घड्याळवाल्याने त्या वेळात सकाळपासूनच्या चढाईचा हिशेब मांडला आणि नको असताना वाचून दाखवला.

जयगडला उतरलो आणि लगेच चढायला लागलो. दुपारचे दोन. डोक्यावर ऊन, खाली जांभ्याचा तापलेला सडा, झाड म्हणाल तर लांब कुठेतरी क्षितिजावर. अशा वेळी सायकलस्वार वाऱ्याला शिव्या देतो; तो आमच्या धर्माचा भाग आहे. पण हिवाळ्यात कोकणात दुपारचा वारा वायव्येकडून, समुद्रावरून येतो आणि आम्ही चाललो होतो दक्षिणेला. वारा पाठीवर होता. ढकलत होता बिचारा. इतक्या हतबल अवस्थेत मी कधीच नव्हतो : दमलोय, आणि दोष द्यायला कुणी नाही! शेवटी मोदकांना दिला.

मालगुंडला, ‘तुतारी’ लिहिणाऱ्या केशवसुतांच्या गावात, शिरलो तेव्हा माझ्या छातीत पिपाणी वाजवण्याइतकाही दम नव्हता. गणपतीपुळ्याला सगळ्यांनी मिळून बावीस ग्लास कोकम सरबत संपवलं. दुकानदाराने नंतर पाटीच आत नेली.

आरे-वारेचा रस्ता फार सुंदर आहे, असं फोटोंवरून दिसतं. माझ्या आठवणीत तिथलं डांबर आहे, पुढच्या चाकासमोरचं, दीड मीटर. वरच्या वळणावर एका नवविवाहित जोडप्याने “काका, एक फोटो काढता?” म्हणून मोबाइल हातात दिला. मागे सूर्य बुडत होता. बधिर बोटांनी मी कुठे काय दाबलं देव जाणे; नंतर पाहिलं तर त्यांच्या मोबाइलात माझ्या नाकपुड्यांचे चौदा फोटो होते.

रत्नागिरीत अंधार पडल्यावर पोचलो. जेवताना घड्याळवाल्याने अंतिम आकडा जाहीर केला : दिवसभरातली एकूण चढाई १४३० मीटर. कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. म्हणजे आम्ही जवळजवळ कळसूबाईच्या खांद्यापर्यंत चढलो होतो आणि सकाळी होतो त्याच उंचीवर जेवायला बसलो होतो. सगळे कॅप्टनकडे बघायला लागले. त्यांनी घास गिळला, खिशातून तक्ता काढला, चष्मा लावला आणि म्हणाले, “पण किनारा डावीकडे गेला होता का कुठे? सबंध दिवस उजवीकडेच होता ना?” यावर कुणाला काही बोलता येईना. मॅडमनी मात्र ‘पूर्ण गुण’ म्हणून त्यांच्या ताटात एक सोलकढीची वाटी ठेवली.

खोलीवर येऊन पाय भिंतीला वर लावून पडलो होतो, तेवढ्यात घरून फोन आला. ही म्हणाली, “मजा चाललीय तुमची! पुढच्या वर्षी मीही येईन म्हणते. चढबिढ फार असतात का हो?”

माझ्या डोळ्यांसमोर ती गाय उभी राहिली.

“छे गं,” मी म्हणालो, “सगळा रस्ता किनाऱ्याने.”