विळीची शरणागती

लंडनला लेकाकडे जाताना मी विळी नेली. बोहरी आळीतली, जड पाटाची, जुन्या लुगड्यात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी. तिकडे खोबऱ्याचा कीस पाकिटात मिळतो म्हणे. मिळो बापडा.

सुनेने विळी पाहिली आणि हातातला चहा खाली ठेवला. सप्टेंबर 2024 चे दिवस. 24 तारखेपासून इंग्लंड-वेल्समध्ये 'झोंबी' सुऱ्या नुसत्या घरात ठेवणंही गुन्हा ठरणार होतं. तिने फोनवर व्याख्या वाचायला घेतली: पातं आठ इंचांहून लांब, टोक अणकुचीदार, एक धार साधी, शिवाय दातेरी धार... 'दातेरी' म्हणताच दोघींची नजर खवणीवर गेली. नातू पट्टी घेऊन आला. पण विळीचं पातं बाकदार, मोजायचं कुठून कुठवर? आणि टोकाच्या जागी तर खवणीचं फूल. कायद्याने ती सुटत होती, पण सुनेला धीर निघेना. "आई, देऊन टाकू या. सरकार पैसेही देतंय."

देत होतं खरं. 26 ऑगस्ट ते 23 सप्टेंबर, नगाला 10 पौंड. मात्र 30 पौंडांच्या आतला दावा चालणार नव्हता. म्हणजे एकाच सुरीवर संसार भागवणाऱ्या गरीब गुंडाला वाऱ्यावर सोडलेलं. ज्याच्याकडे घाऊक माल, त्याने पोलीस ठाण्यात जाऊन नाव, पत्ता आणि बँकेचा खातेक्रमांक लिहून द्यायचा. आमच्या पुण्यात 2023 मध्ये कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघा, असं पोलिसांनी दुकानदारांना बजावलं होतं. गुन्हेगाराच्या कागदपत्रांवर दोन्हीकडच्या सरकारांचा विश्वास सारखाच दांडगा.

पैसे नको असतील तर नाव न सांगता पेटीत टाका, अशीही सोय होती. पण पेटी कुठे? लेकाच्या वस्तीतलं पोलीस ठाणं कधीच बंद झालेलं. 2017 मध्येच लंडनच्या पोलिसांनी काटकसर म्हणून दर बरोला, म्हणजे शहराच्या एकेका विभागाला, चोवीस तास उघडी अशी एकच खिडकी ठेवायचं ठरवलं होतं. सगळ्यात जवळची पेटी दोन बसच्या अंतरावर. त्यात सबळ कारणाशिवाय सुरी घेऊन रस्त्यावर फिरलात तर चार वर्षांपर्यंत कैद. "नीट गुंडाळा, सरळ जा, वाटेत भाजी घेत बसू नका," सून म्हणाली. मी विळी मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. शेजारच्या बाईने तान्हं बाळ समजून वाकून पाहिलं.

पेटीपाशी माझ्यापुढे एक आजोबा होते. पावाची एक सुरी आणि लोणी लावायच्या दोन, तिन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. त्या दोघींनी आजवर कुणाचा जीव घेतला असेल तर तो लोण्याचा. पण पेट्या भरतात त्या अशांनीच. 2006 च्या देशव्यापी मोहिमेत सुमारे 90 हजार सुऱ्या गोळा झाल्या. पुढे ऑस्वेस्ट्रीच्या लोहशिल्प केंद्रात अल्फी ब्रॅडली या शिल्पकाराने अशा लाखभर सुऱ्यांचा 27 फुटी देवदूत उभा केला. तो गावोगाव फिरतो. म्हणजे देवदूत तुमच्या गावी येतो, पेटी मात्र येत नाही.

सुरीचं तसं नाही, ती येते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या सोळा वर्षांच्या रोनन कांडाला 2022 मध्ये ज्या तलवारीने मारलं, ती दुसऱ्या एका पोराने आईच्या नावावर ऑनलाइन मागवली होती आणि पोस्टातून उचलली होती. त्याला ना दोन बस बदलाव्या लागल्या, ना 30 पौंडांची अट पुरी करावी लागली. रोननची आई झगडत राहिली, तेव्हा कुठे 1 ऑगस्ट 2025 ला त्या निन्जा तलवारींवर बंदी आली. इथे मला विनोद सुचत नाही.

माझा नंबर आला. पेटीचं तोंड टपालपेटीएवढं. पातं आत शिरलं, पाट अडला. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. कुणाला विचारावं तर तिथे खिडकीच नाही. आजोबा म्हणाले, "तुमची सुरी बसून वापरायची दिसते." मी म्हटलं, "हो, आमच्याकडे खून करायचा तरी आधी मांडी घालावी लागते."

परत निघाले आणि बसथांब्यावर पाय अडखळला. येताना माझ्याकडे सबळ कारण होतं, शरण जायचं. आता कोणी अडवलं तर काय सांगू? समोर एका गुजराती भाईंचं वाण्याचं दुकान होतं. आत गेले आणि पुरावा म्हणून एक नारळ विकत घेतला.