फॉरमॅटपंत

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कारभारात अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार हीच पदे लेखी असली, तरी विंडोज एक्सपीच्या अमदानीत ठाणे-डोंबिवलीकडील बहुतेक संस्थांत एक चौथे पद निवडणुकीवाचून भरलेले असे, आणि त्यावरील गृहस्थांचा अधिकार उरलेल्या तिघांच्या एकत्रित अधिकाराहून अधिक निर्विवाद मानला जाई. कोणाचाही संगणक अडला की ज्यांच्यापुढे दरखास्त रुजू करावयाची, ते हे फॉरमॅटपंत. लॅमिंग्टन रोडवरचे, म्हणजे सरकारदप्तरी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरचे, दुकानदार त्यांना चेहऱ्याने ओळखतात आणि सुटे भाग डीलरच्या भावाने देतात, एवढी सनद सर्वांना पुरेशी वाटे.

पंतांचे आगमन बहुधा रविवारी सकाळी होई. एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात चेनवाली सीडीची पिशवी, आणि त्या पिशवीत मार्कर पेनाने ‘एक्सपी’ अशी अक्षरे व खाली पंचवीस अक्षरांची किल्ली लिहिलेली एक सीडी, जिच्या उगमाविषयी पृच्छा न करण्याचा शिष्टाचार यजमान कसोशीने पाळीत. यजमान रोगाचा तपशील सांगू लागत, तो त्यांचे पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वीच पंतांचा निकाल लागलेला असे: “काका, फॉरमॅट मारावा लागेल.” यंत्र मंद चालो, छपाई वाकडी येवो, की मुलाने खेळ घालताना काही बिघडवून ठेवलेले असो, निकालात काना-मात्रेचाही फरक पडत नसे.

“डेटा डी-मध्ये आहे ना?” हा एवढाच प्रश्न ते विचारीत, आणि डी म्हणजे काय याची सुतराम कल्पना नसलेले काका “आहे, आहे” असे त्वरेने सांगून मोकळे होत. मुंजीची सारी छायाचित्रे समोरच्या पडद्यावर, म्हणजे वस्तुतः सी-मध्येच, नांदत होती, हे उभयतांना सायंकाळी कळे.

त्यानंतर विंडोज चढविण्याचा विधी सुरू होई. अजून ३९ मिनिटे लागतील, असे आश्वासन यंत्र देई. त्या अवधीत आतून “भाऊजी, पोहे घ्या ना” असा आग्रह होई आणि पंत इतर इमारतींतील आपल्या दिग्विजयांचे निरूपण करीत. पुढे यंत्र एकदा आपण होऊन बंद पडून सुरू होई, ही गोष्ट विधीतलीच होती. परंतु सीडी आतच राहिल्यामुळे ‘सीडीवरून सुरू करावयाचे असल्यास कोणतीही कळ दाबा’ अशी सूचना पडद्यावर येई, घरातील आज्ञाधारक नातू ती तत्काळ अमलात आणी, आणि ३९ मिनिटांचा हिशेब मूळपदावर येई.

खरा प्रसंग याच्या पुढचा. नवी विंडोज चढलेली असावी, स्वागताचा पडदा झळकण्याच्या बेतात असावा, आणि यंत्राने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. मशारनिल्हे पंत याने विचलित होत नसत. ते प्रथम घरातील अर्थिंगवर संशय घेत, मग एसएमपीएसवर. मग सीपीयूचे झाकण काढून आत टेबलफॅनचा वारा सोडीत. मग रॅमची पट्टी उपसून तिच्या सोनेरी कडा नातवाच्या खोडरबराने घाशीत. हा शेवटचा उपाय हास्यास्पद वाटला, तरी त्या कडांवरील मळ निघून यंत्र खरोखरच शुद्धीवर आल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि पंतांची कीर्ती बव्हंशी त्या खोडरबरावरच उभी होती. सर्वांत शेवटी ते मदरबोर्डावरील गोल सेल काढून पुन्हा बसवीत. त्यामुळे बायोसच्या नोंदी कारखान्यातल्यासारख्या होत, कित्येक यंत्रांत हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धत आयडीईवरून एएचसीआयवर जाई, आणि आयडीई पद्धतीत चढविलेल्या एक्सपीला स्वतःचेच घर सापडेनासे होई. अशा रीतीने रोग नव्हता तेथेही तो उत्पन्न होई.

वास्तविक यंत्र मुके नव्हते. एक्सपी कोसळताना एक निळा पडदा दाखवी आणि त्यावर आपली कैफियत क्रमांकासह मांडी. त्या क्रमांकाच्या अखेरीस ‘७बी’ असेल, तर ज्या डिस्कवरून सुरू व्हावयाचे तीच हाती लागत नाही, असा त्याचा स्पष्ट अर्थ होता. परंतु कोसळताच आपोआप पुन्हा सुरू व्हावे, हा मूळचाच हुकूम असल्याने ती कैफियत डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पुसली जाई. सर्व्हिस पॅक २ नंतरच्या एक्सपीत सुरुवातीलाच एफ८ दाबून हा हुकूम तहकूब करता येई आणि निळा पडदा वाचून होईपर्यंत स्थिर राही. पंतांना ही कळ ठाऊक नव्हती असे नव्हे. साक्ष ऐकण्यापूर्वीच निकाल देण्याची ज्यांना सवय जडली, त्यांना साक्षीदाराला थांबवून धरण्याचे प्रयोजन वाटत नाही, इतकेच.

२००३ च्या ऑगस्टमध्ये या पद्धतीची पुरती परीक्षा झाली. ब्लास्टर नावाची कीड इंटरनेटवरून पसरली आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी दाखवून घरोघरीचे एक्सपी बंद करू लागली. तिला अडविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैमध्येच दिलेली होती. परंतु पंतांच्या सीडीवरील एक्सपी त्याआधीची, आणि तिची फायरवॉल मुळात बंद. सबब त्यांनी फॉरमॅट मारावा, काकांनी टेलिफोनची तार जोडावी, आणि किडीने त्याच उघड्या दारातून पुन्हा आत यावे, असा क्रम चालू राहिला. तारीफ अशी, की यामुळे पंतांची मागणी घटली नाही. उलट ज्यांच्याकडे ते अद्याप आले नव्हते, ते स्वतःला उपेक्षित समजू लागले.

मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीची जबाबदारी सोडली, पण पंतांचे पद रद्द झाले नाही. त्यांनी कोणाकडून एक पैसा घेतला नाही आणि रविवारची हाक कधी परतविली नाही, हे त्यांच्या शत्रूलाही मान्य करावे लागेल. तेव्हा वाचकहो, आपल्या संस्थेतील पंतांना चहा-पोहे अवश्य द्यावेत. मात्र त्याआधी छायाचित्रांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, निळ्या पडद्यावरील क्रमांक कागदावर उतरवावा, आणि तो त्यांनी मोठ्याने वाचल्याखेरीज सीडीची पिशवी उघडू देऊ नये.