सामायिक ड्राइव्हचा सातबारा

सर्व्हरवर ठेवलेली आणि प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पडद्यावर 'झेड' या अक्षराने उगवणारी सामायिक ड्राइव्ह ही संगणकशास्त्राच्या दृष्टीने साठवणुकीची जागा असली, तरी कार्यालयाच्या दृष्टीने ती वडिलोपार्जित मिळकत होय. आणि मिळकतीत जे जे संभवते, म्हणजे हिस्से, वहिवाट, भाऊबंदकी आणि मयतांची नावे, ते सर्व तिच्यातही यथास्थित आढळते. एखादे फोल्डर उघडताना 'ॲक्सेस इज डिनाइड' अशी पाटी झळकली की त्यामागे कोणाचा हात आहे, याचा निकाल दुपारचा डबा उघडण्यापूर्वीच लागतो. पाटी का झळकली, हा प्रश्न मात्र तक्रारीच्या नोंदीत 'राइट्स द्या' या दोन शब्दांत मिटवला जातो.

विंडोजच्या राज्यात अशा फोल्डरला दोन कुलपे असतात. पहिले 'शेअर परमिशन'चे, जे वाड्याच्या दिंडी दरवाजासारखे केवळ बाहेरून, म्हणजे नेटवर्कवरून, येणाऱ्याला अडवते. दुसरे 'एनटीएफएस परमिशन'चे, जे 1993 साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या फाइल-व्यवस्थेचा भाग असून आतल्या प्रत्येक खोलीला, फडताळाला आणि डब्याला स्वतंत्रपणे लावता येते. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही ओलांडावी लागतात आणि दोहोंपैकी जे अधिक कडक असेल तेच चालते, म्हणजे दरवाजावर केवळ वाचण्याची मुभा असेल तर आत लिहिण्याचा कितीही मोठा परवाना असून उपयोग नसतो. तक्रार आल्यावर तंत्रज्ञ सर्व्हरसमोर बसतो, तेच फोल्डर तिथल्या तिथे उघडून पाहतो आणि 'माझ्याकडे तर उघडतंय' असे जाहीर करतो. घराच्या आत बसलेल्याला दिंडी दरवाजा आडवा येत नाही, ही बाब त्या जाहीरनाम्यात येत नाही.

या शास्त्रातील सर्वांत उद्बोधक प्रकरण बदलीचे आहे. आस्थापना शाखेतील लिपिक लेखा शाखेत रुजू होतो, त्याचे नाव 'लेखा' या ग्रुपमध्ये घातले जाते, आणि तरीही वेतनाचे फोल्डर त्याला दाद देत नाही. कारण शोधता असे आढळते, की पूर्वी कधीतरी आस्थापनेच्या मंडळींनी इतरांचे पगार पाहू नयेत म्हणून त्या फोल्डरवर 'आस्थापना' या ग्रुपला 'डिनाय', अर्थात स्पष्ट नकार, लावून ठेवला आहे, आणि एकाच पातळीवर होकार व नकार समोरासमोर आले की विंडोज नकाराच्या बाजूने उभे राहते. लिपिक जुन्या शाखेतून रीतसर आदेशाने कार्यमुक्त झालेला असतो. जुन्या ग्रुपमधून मात्र त्याला कोणी कार्यमुक्त केलेले नसते, कारण नाव घालण्यासाठी अर्ज करणारा गरजवंत असतो आणि नाव काढण्याची गरज जगात कोणालाच नसते.

पुढे कोणीतरी ते नाव काढते, तरी फोल्डर उघडत नाहीच. येथे लॉग-ऑनचा नियम आडवा येतो. सकाळी संगणकात प्रवेश करताना त्या व्यक्तीच्या सर्व ग्रुपांची यादी असलेली ओळखचिठ्ठी तयार होते आणि दिवसभर तीच दाखवली जाते. दुपारी झालेला बदल सकाळच्या चिठ्ठीवर उमटत नाही. म्हणून 'एकदा बंद करून चालू करा' हा एरवी टिंगलीचा विषय झालेला सल्ला येथे अक्षरशः शास्त्रशुद्ध ठरतो. फक्त तो देणारा कारण सांगत नाही आणि ऐकणारा मॉनिटर बंद करून चालू करतो.

मिळकतीची उपमा खऱ्या अर्थाने लागू पडते ती वारसाहक्काला. वरच्या फोल्डरची परवानगी खालच्याला आपोआप मिळते, याला 'इन्हेरिटन्स' म्हणतात, आणि सिक्युरिटीच्या चौकटीत अशा वारशाच्या खुणा फिकट राखाडी दिसतात. नवी किंवा कॉपी केलेली फाइल नव्या घरचा वारसा घेते, परंतु त्याच व्हॉल्यूमवर, म्हणजे डिस्कच्या त्याच विभागात, उचलून हलवलेली फाइल सासरी येऊनही माहेरचेच नियम पाळते. त्यामुळे 'मार्चएन्ड-अंतिम-खरेअंतिम' एकाच फोल्डरमध्ये शेजाऱ्याला उघडते आणि साहेबांना उघडत नाही. त्याच चौकटीत मधूनच नावाऐवजी एस-1-5-21 पासून सुरू होणारा लांबलचक आकडा आढळतो. तो खाते पुसून टाकलेल्या वापरकर्त्याचा ओळखक्रमांक असतो: माणूस सेवानिवृत्त झाला, खाते गेले, उताऱ्यावरील नोंद राहिली, कारण फेरफार कोणी केला नाही. याउलट काही जिवंत नावे कारण नसताना उताऱ्यावर चढतात. सर्व्हरवर बंद फोल्डर उघडू पाहणाऱ्या ॲडमिनला विंडोज 'कंटिन्यू' हे बटण दाखवते आणि ते दाबताच त्याच्या वैयक्तिक खात्याची कायमची नोंद त्या फोल्डरवर होते. गडाच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्या पर्यटकाला निदान आपण काय करत आहोत हे ठाऊक असते.

राहता राहिला मानापमानाचा मुद्दा. वाचणे, लिहिणे, बदलणे आणि पुसणे यांसाठी 'मॉडिफाय' पुरेसे असते. 'फुल कंट्रोल'मध्ये त्याहून अधिक मिळतो तो दुसऱ्यांच्या परवानग्या बदलण्याचा आणि मालकी घेण्याचा अधिकार. परंतु 'मॉडिफाय' हा शब्द पदावनतीसारखा ऐकू येत असल्यामुळे अधिकाऱ्यांना 'फुल कंट्रोल' द्यावा लागतो, आणि अशा दहाबारा पूर्ण नियंत्रकांनंतर नियंत्रण उरत नाही. मग एखाद्या संध्याकाळी, साहेबांचा तिसरा फोन आल्यावर, दोन्ही कुलपांवर 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' लावून तक्रार निकाली काढली जाते. विंडोज 2000 पर्यंत नवीन शेअरच्या दरवाजावर हीच सवलत आपोआप लागत असे. 2003 च्या सर्व्हरपासून ती केवळ वाचण्यापुरती आकुंचित झाली, तरी कार्यालयांनी जुनी परंपरा स्वहस्ते चालू ठेवली आहे. दरवाजा सताड उघडा ठेवून आतली कुलपे नीट लावणे ही जाणत्यांची मान्य रीत आहे; आतलीही काढून टाकणे ही नव्हे.

वास्तविक कोणाला नेमके काय करता येईल हे सांगणारी 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाची खिडकी त्याच चौकटीत 'ॲडव्हान्स्ड'च्या मागे आहे. परंतु कोणाला काय करता यावे, हे ती सांगू शकत नाही. तो निर्णय शाखाप्रमुखाचा असून तो कागदावर आलेला नसतो, आणि म्हणून तो दरवेळी तंत्रज्ञ टिकमार्क लावता लावता घेतो. शाखाप्रमुखांनी नावांची यादी सहीनिशी द्यावी. आणि ती येईपर्यंत इतरांनी सायंकाळी घरी जाताना केवळ मॉनिटरचे बटण न दाबता रीतसर लॉग-ऑफ करावे, ही नम्र विनंती.